खजिनदार झालोय, डायरी उघडली आणि झोप उडाली. कबड्डी मंडळाचा हिशेब लावायचा कसा?

नाइलाजाने_खजिनदार

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचं मंडळ करी रोड आणि लोअर परळच्या मधलं, चाळीतलं. मी लहानपणापासून तिथेच खेळलोय, चढाई यथातथाच पण डावा कोपरा बरा पकडायचो. आता बँकेत-बिंकेत नाही, एका कुरिअर कंपनीत डिस्पॅच बघतो, तरी मागच्या महिन्यात सभेला वडापाव खायला म्हणून गेलो आणि खजिनदार होऊन परत आलो. आधीचे काका वीसेक वर्षं खजिनदार होते, ते आता कायमचे गावी चाललेत.

काकांनी माझ्या हातात दिली एक रेक्झिनची डायरी, रबरबँड लावलेली, पहिल्या पानावर श्री, आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या भरून बिलं. डायरीत नोंदी अशा, "बंड्या फी नंतर", "मॅच दादर ६४०", "इतर ७,४००". इतर म्हणजे काय विचारलं तर काका बोलले, अरे इतर म्हणजे इतर. आधीच सांगतो, काकांनी एक पैसा खाल्लेला नाही हे मी छातीठोक सांगेन, उलट स्वतःच्या खिशातलेच गेले असतील. पण मुलांची फी गेली चार वर्षं काकांच्या स्वतःच्या मोबाईल नंबरवर यायची, त्याच खात्यात पेन्शन, त्यातूनच नातवाची शाळा, त्यातूनच आमच्या पोरांचे नी-कॅप. आता ते वेगळं काढायचं म्हणजे खिचडीतून मूगडाळ निवडायची.

मुलं-मुली मिळून ७०, वय ८ ते १७. फी महिना २०० रुपये, अर्धेअधिक नियमित देत नाहीत. दोन प्रशिक्षक, एकाला ४,००० आणि एकाला ३,००० मानधन. दरवर्षी जानेवारीत चार दिवसांची स्पर्धा भरवतो, ती आमची शान, ३२ संघ येतात. वर्ष संपलं तेव्हा मंडळाची ५०,००० ची एफडी मोडून झाली होती आणि बँकेत उरले होते २,१०० रुपये. प्रशिक्षकांचं मार्चचं मानधन मी एप्रिलच्या दहा तारखेला दिलं, तेही एकाकडून उसने घेऊन.

कमिटीचं म्हणणं एकच, जूनपासून फी ३०० करा. मला वाटतं पोरं गळतील. आमच्याकडे घरकाम करणाऱ्यांची, वॉचमनची, टॅक्सीवाल्यांची मुलं आहेत.

दुसरं, आमचा एक जुना खेळाडू आता मोठ्या हुद्द्यावर आहे, तो ५०,००० द्यायला तयार आहे पण ८० जीची पावती मागतोय, म्हणजे देणगीवर करात सूट मिळते ती. मंडळाचा एफ नंबर, म्हणजे धर्मादाय नोंदणीचा, आहे, ८० जी वगैरे कोणालाच माहीत नाही. आणि गणपतीची वर्गणी आणि कबड्डीची फी एकाच पावतीपुस्तकावर फाडलीय हे आत्ताच लक्षात आलं. कुठून सुरुवात करू?

मोरीवाला_मध्यरक्षक

पहिली सुरुवात म्हणजे पुढच्या सभेला वडापाव घरून खाऊन जा.

गिरणगावचा_जुना

खजिनदार भाऊ, घाबरू नका, सगळ्या मंडळांची हीच गोष्ट आहे. आमच्या वेळेला तर डायरीपण नव्हती, गिरणीच्या पगाराच्या दिवशी गेटवर उभं राहून डबा फिरवायचो, त्यावर वर्ष निघायचं. खेळाला लागायचं काय, माती, चुना आणि लंगोट. १९८२ च्या संपानंतर तो डबापण गेला. मग नगरसेवक, दुकानदार, बिल्डर असं करत करत आलोय इथवर. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि पोरांची संख्या वाढली हे चांगलं झालं पण त्याबरोबर मॅट पायजे, मॅटवर बूट पायजेत, जर्सीवर नाव पायजे, खर्च कुठल्या कुठे गेला.

फी वाढवू नका या मताशी मी सहमत. पण एक सांगतो, स्पर्धा बंद करा असं कोणी इथे सांगेल तर ऐकू नका. स्पर्धा आहे म्हणून मंडळ आहे. लोक पैसे स्पर्धेला देतात, पोरांच्या रोजच्या सरावाला कोणी फुटकी कवडी देत नाही. पन्नास वर्षं बघतोय.

सीए_पण_खोखोवाला

खजिनदार, आधी एक काम करा. स्पर्धेचा जमाखर्च आणि बारा महिन्यांच्या सरावाचा जमाखर्च दोन वेगळ्या कागदांवर मांडा. डायरीत दोन्ही एकत्र आहेत म्हणून तुम्हाला आजार कुठे आहे ते कळत नाहीये. बाकीचं नंतर बोलू.

नाइलाजाने_खजिनदार

सीए साहेब, दोन रात्री बसलो, बायको बोलली आता तू डायरीतच झोप. जे निघालं ते असं.

सराव: फी जमा १,१४,६००. प्रशिक्षकांचं मानधन ८४,०००. पावसाळ्यात मैदानात गुडघाभर चिखल असतो म्हणून जून ते सप्टेंबर शाळेचा हॉल घेतो, महिना ४,००० प्रमाणे १६,०००. बाहेरच्या मॅचेसचं गाडीभाडं आणि एंट्री फी १७,०००. नी-कॅप, क्रेप बँडेज, स्प्रे, शिट्ट्या वगैरे ८,०००.

स्पर्धा: देणग्या आणि बॅनरचे पैसे २,१०,०००, संघांची एंट्री ३२ गुणिले ५०० म्हणजे १६,०००. खर्च बघा. मंडप, गॅलरी आणि लाइट ६८,०००. रोख बक्षिसं ४५,०००. ट्रॉफ्या ३१,०००. पंचांचं मानधन २८,०००. जेवणखाण ३६,०००. बॅनर, शाली, श्रीफळ, स्मृतिचिन्हं २२,०००. साउंड आणि निवेदक १८,०००. प्रथमोपचार ४,०००. आणि आमचे लाडके इतर, ११,५००.

शालींचा हिशेब करताना काकांना फोन केला, बोलले ४२ पाहुण्यांचा सत्कार झाला. ४२! फायनलच्या मध्यंतरात सत्कार सुरू झाले ते संपेपर्यंत पोरं थंडी वाजून आखडली होती ते मला आठवतंय, मी तिथेच खुर्च्या लावत होतो.

सीए_पण_खोखोवाला

शाब्बास. आता बेरीज मीच करून देतो.

सरावाचा खर्च ८४ अधिक १६ अधिक १७ अधिक ८, म्हणजे १,२५,०००. ७० मुलं, १२ महिने, म्हणजे एका मुलामागे महिन्याला साधारण १४९ रुपये. तुमची फी २०० आहे. म्हणजे फी कमी नाहीच, फी पुरून उरणारी आहे, ७० पैकी ५३ मुलांनी वर्षभर दिली तरी सराव स्वतःच्या पायावर उभा राहतो. आत्ता सरावाला कमी पडले १०,४००. बस, एवढंच.

स्पर्धा: जमा २,२६,०००, खर्च २,६३,५००. तोटा ३७,५००.

दोन्ही मिळून ४७,९००, एफडीतून गेले, उरले २,१००. तुमचं बँक पासबुक जुळलं बघा. (काकांना माझा नमस्कार सांगा, इतर असूनसुद्धा जुळलं म्हणजे माणूस खरंच प्रामाणिक आहे.)

तर फी ३०० करून तुम्ही घरकामवाल्या बाईकडून शालींचे पैसे वसूल करणार आहात, हे कमिटीला याच शब्दांत सांगा.

गिरणगावचा_जुना

साहेब, आकडे बरोबर असतील, मी काही शिकलेला नाही. पण ते २,१०,००० स्पर्धेमुळे आले की नाही? स्पर्धा काढून टाका, तेपण जातील. आणि सत्कार केला नाही तर पुढच्या वर्षी कोण देणार? आमच्याकडे एकदा एका दुकानदाराची शाल राहिली, तर त्याने तीन वर्षं मंडळाकडे बघितलं नाही.

दोन_कबड्डीपटूंची_आई

मी इथे कधी लिहित नाही पण हे वाचून राहवलं नाही.

माझी मुलगी आणि मुलगा दोघं प्रभादेवीच्या बाजूला एका मंडळात जातात, नाव घेत नाही. आमच्याकडे फी २५० आहे आणि आम्ही देतो, आम्हाला जमतं. मुलीबरोबर एक मुलगी खेळायची, चढाईला गेली की तिच्या पायाला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती, तिची आई तीन घरी पोळ्या करते. तीन महिन्यांची फी राहिली होती. एकदा सरावाच्या शेवटी रांगेत उभं करून ज्यांची फी राहिलीय त्यांची नावं वाचली. बिचारी दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मी तिच्या आईला भेटले, ती बोलली ताई पैसे मी देणार होते हो पुढच्या महिन्यात, पण पोरगी बोलते मला लाज वाटते. जिल्ह्याला खेळली असती ती, राज्याला गेली असती तर दहावीला क्रीडा गुण मिळाले असते, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा असतात. साडेसातशे रुपयांसाठी गेलं सगळं.

खजिनदार दादा, तुमच्याकडे जी ५३ची गोष्ट सीए साहेबांनी सांगितली ना, म्हणजे १७ मुलं फुकट खेळली तरी मंडळ चालतं. मग ती १७ कोण ते फक्त तुम्हाला आणि एखाद्या बाईला कमिटीतल्या माहीत असू द्या, प्रशिक्षकालासुद्धा नको. आणि ज्यांना खरंच परवडतं पण आळस म्हणून देत नाहीत त्यांच्या बापांना फोन करा, मुलांना नको. आमच्या सोसायटीतले दोघं गाडीतून मुलांना सोडायला येतात आणि फीचं विचारलं की हो हो टाकतो, महिनोन् महिने टाकतच असतात.

भांडुपचा_शिट्टीवाला

ताई अगदी मनातलं. मी प्रशिक्षक आहे, भांडुपला, अठरा वर्षं झाली. आमचं मानधन हे नेहमी उरलेल्या पैशातून असतं. मंडपवाल्याला थांबवून ठेवत नाहीत, नाहीतर तो लगेच बांबू काढून नेतो, ट्रॉफीवाला अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय नाव कोरत नाही, प्रशिक्षक मात्र आपलाच माणूस, तो थांबेल. मी एकदा सहा महिने थांबलोय. आपला माणूस म्हणून.

बॅचला बारा पोरं घ्यायची म्हटली तरी रोज संध्याकाळी दोन तास जातात, रविवारी मॅच, नाइट शिफ्ट सोडावी लागते. तेव्हा खजिनदार, तुमच्या त्या दोघांचं मानधन तीन महिन्यांचं, म्हणजे २१,०००, बाजूला टाकून ठेवा आणि त्याला हात लावायचा नाही असा ठराव करून घ्या. बाकी नी-कॅप एखादा महिना उशिरा आला तरी पोरं मरत नाहीत.

मॅटबद्दल कोणी फुकट सल्ला दिला तर ऐकू नका. १३ बाय १०चं मैदान म्हणजे १३० चौरस मीटर झाले, वर बाहेरची मोकळी जागा वेगळी. आम्हाला कोटेशन आलं ते दीड लाखाच्या पुढचं, आणि ठेवणार कुठे? रोज अंथरायचं, रोज गुंडाळायचं, उंदीर वेगळे. आठ-दहा वर्षांच्या पोरांना मातीवरच पाय बसू दे आधी, मोठ्यांना मॅटची सवय करायला एखाद्या शाळेची ठरलेल्या दिवशी मागून घ्या.

काचेच्या_टॉवरमधला

तुमच्या मंडळापासून चालत दहा मिनिटांवर माझं ऑफिस आहे, तिकडे गिरणी होती म्हणतात. मग तुम्ही लोक सीएसआर, म्हणजे कंपन्या समाजकार्याला देतात तो पैसा, का नाही मागत? एवढ्या कंपन्या आहेत आजूबाजूला, खेळाला देतात की. स्पर्धेला टायटल स्पॉन्सर घ्या, बॅनरवर नाव, विषय संपला.

सीए_पण_खोखोवाला

टॉवर साहेब, विषय तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो. सगळ्यांना उत्तर एकत्रच देतो, लांबेल, चहा घेऊन बसा.

सीएसआरमध्ये खेळ बसतो, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण, राष्ट्रीय मान्यता असलेल्या, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण असं लिहिलंय. प्रशिक्षण. सरकारने २०१४ मध्येच परिपत्रक काढून सांगितलंय की एकदाच होणारे कार्यक्रम, मॅरेथॉन, बक्षीस समारंभ, जाहिरात, स्पॉन्सरशिप हे सीएसआर धरलं जाणार नाही. म्हणजे चार दिवसांच्या स्पर्धेचा बॅनर हा कंपनीच्या जाहिरात खात्यातून येईल, सीएसआरमधून नाही. उलट ७० मुलांचा वर्षभराचा सराव, हजेरीपुस्तक, मानधनाच्या पावत्या, हे सीएसआरला चालतं. आता जुने काका, बघा, तुमचं वाक्य होतं की सरावाला कोणी कवडी देत नाही. दुकानदार देत नाही हे खरं. पण कायद्याने ज्यांना द्यायलाच लागतं ते सरावालाच देऊ शकतात. फक्त त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ ही नोंदणी लागते, आणि तिच्याआधी १२ए आणि ८० जी या आयकराच्या नोंदण्या लागतात (खाली सांगतो), शिवाय तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. खजिनदार, तुमच्याकडे काम चाळीस वर्षांचं आहे, कागद शून्य.

मग कागदांचं. एफ नंबर म्हणजे तुम्ही १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेले आहात, वरळीच्या धर्मादाय आयुक्तांकडे. तो नंबर म्हणजे ८० जी नव्हे, लोक तिथेच गोंधळ करतात. १२ए म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी, त्यात वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च दाखवायचे असतात. ८० जी म्हणजे देणाऱ्याला वजावट. दोन्हीचा अर्ज आयकर खात्याकडे वेगवेगळा, ऑनलाइन. जुनी १२ए कधी काढली असली तरी २०२१ नंतर सगळ्यांना परत नोंदणी करावी लागली, तेव्हा कपाटात पिवळा कागद सापडला म्हणून खूश होऊ नका. (१ एप्रिल २०२६ पासून आयकराचा २०२५ चा नवा कायदा आहे, कलमं आणि फॉर्मचे नंबर बदललेत, मी आपल्या तोंडातली जुनीच नावं वापरतोय.)

आणि तुमच्या त्या मोठ्या हुद्द्यावरच्या खेळाडूला आधी विचारा की तो कर जुन्या पद्धतीने भरतो की नव्या. नव्या पद्धतीत ८० जीची वजावट मिळतच नाही. दहातले किती तरी देणगीदार पावती मागतात आणि त्यांना तिचा उपयोगच नसतो. तो म्हणाला नव्या, तर उद्याच चेक घ्या. जुन्या, तर त्याला खरं सांगा की आत्ता नाहीये, अर्ज करतोय. खोटी पावती देऊ नका, ८० जी मिळाल्यावर देणगीदारांची यादी दरवर्षी ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरावी लागते आणि त्या यादीतूनच देणगीदाराचं सर्टिफिकेट निघतं, उशीर झाला तर रोजचे २०० रुपये. रोख २,००० च्या वर असेल तर त्याला वजावट नाही, आणि वस्तू दिली, मॅट दिलं, जर्सी दिली, त्यालाही नाही.

गुप्त देणगी हा आपल्याकडचा आवडता प्रकार. "एक हितचिंतक" असं लिहून पाच-पाच हजार. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातलं जे जास्त, त्याच्या वर गेल्या तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर. तुम्ही तिथपर्यंत जाणार नाही, पण सवय लावू नका. हितचिंतकाला सांगा, बॅनरवर नको पण पावतीवर नाव टाक.

मंडपवाल्याला ६८,००० रोख दिले का? एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलं तर करमाफीच्या हिशेबात तो खर्च धरत नाहीत. आज तुम्हाला १२ए नाही म्हणून कदाचित चालून गेलं.

जीएसटीची भीती कोणीतरी घालेलच. २० लाखांच्या आत सेवा असेल तर नोंदणीच नको, आणि १२ए असलेल्या धर्मादाय संस्थेने दिलेल्या खेळाच्या प्रशिक्षणाला तशीही सूट आहे.

आता लगेच करायचं. कमिटी बदलली त्याचा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे, हा सगळ्यात आधी, कारण तो राहिला की पुढे प्रत्येक खिडकीवर तोच विचारतात. बँकेत ठराव देऊन सह्या बदलायच्या, तिघांपैकी दोघांची सही. मंडळाच्या नावाचा क्यूआर बँकेकडूनच मिळतो, त्याच दिवशी मागा, स्वतःचा नंबर कोणाला देऊ नका, एक महिना सोयीसाठी म्हणून दिलात की तुम्ही काका झालात. गणपतीचं पुस्तक वेगळं, फीचं वेगळं, देणगीचं वेगळं, नंबर छापलेले, कार्बनवाले. मागच्या वर्षीचं ऑडिट ३० सप्टेंबरच्या आत. बिल नसलेल्या खर्चाला, म्हणजे चहा, टेम्पो, पंचांची रिक्षा, एक साधं व्हाउचर, घेणाऱ्याची सही. आणि "इतर" या शब्दावर बंदी.

गिरणगावचा_जुना

सीए साहेब, लेक्चर चांगलं दिलंत, मला निम्मं कळलं. एक कबूल करतो, प्रशिक्षण लिहिलंय कायद्यात हे माहीत नव्हतं. पण चार दिवसांची स्पर्धा दोन दिवसांची करा, सोळा संघ घ्या, बक्षीस रोख कमी करा, हे मी मान्य करीन. बंद नाही. पोराला चारशे लोकांसमोर चढाईला जायची सवय सरावात लागत नाही. त्या टाळ्यांनी पोरगं उभं राहतं. मी राहिलोय.

भांडुपचा_शिट्टीवाला

जुने काका, याला माझा हात वर. आम्ही तेच केलं. सत्कार फक्त उद्घाटनाला, तेही शाल नाही, गुलाबाचं फूल आणि पोरांनी सही केलेला एक कबड्डीचा फोटो. कोणी रुसलं नाही. एक आमदार तर फोटो ऑफिसात लावून बसलेत.

दोन_कबड्डीपटूंची_आई

आणि स्पर्धेत देणगी मागताना पावतीपुस्तकाबरोबर एक कागद ठेवा ना, एका मुलाचा वर्षाचा सराव १,८०० रुपये. १४९ गुणिले १२ म्हणजे जवळपास तेवढेच होतात. माणूस ५०० द्यायला आलेला असतो, तो आकडा बघून थांबतो, मी तरी थांबले असते. सहा जणांनी दिले की तुमचे ते १०,४०० भरून निघाले.

मोरीवाला_मध्यरक्षक

ताईंना खजिनदार करा.

नाइलाजाने_खजिनदार

मंडळी, काल कमिटीची मीटिंग झाली, म्हणून लिहितोय.

दोन कागद झेरॉक्स काढून सगळ्यांच्या हातात दिले, एक सरावाचा, एक स्पर्धेचा. पहिली दहा मिनिटं कोणी काही बोललंच नाही, मग अध्यक्ष बोलले, म्हणजे आपण पोरांच्या पैशाने मंडप बांधला काय? मी बोललो अगदी तसं नाही, एफडीच्या पैशाने. ते बोलले एफडी कोणाची होती? मग परत शांतता. ती एफडी म्हणे २००६ साली एका जुन्या खेळाडूच्या घरच्यांनी त्याच्या आठवणीत मुलांच्या बुटांसाठी दिलेल्या पैशाची होती. हे काकांनाच तेवढं माहीत होतं. डायरीत कुठे नव्हतं.

फी २०० च राहिली. स्पर्धा तीन दिवसांची, दोन वर यायला दोघे तयार झाले नाहीत, भांडण नको म्हणून तीन. शाली बंद हे मात्र झालं नाही, ४२ च्या ११ झाल्या, त्यातही यादी कोण करणार यावरून अर्धा तास गेला. ट्रॉफ्यांची उंची कमी करायची असं ठरलं, मला हसू आलं पण मागच्या वर्षीची पहिली ट्रॉफी खरंच आमच्या दहा वर्षांखालच्या कॅप्टनपेक्षा उंच होती. २१,००० बाजूला ठेवायचा ठराव झाला, पैसे अजून यायचेत, पण ठराव झाला. आणि पन्नास हजारांची एफडी तीन वर्षांत परत उभी करायची असं मिनिट्समध्ये लिहून घेतलं, अध्यक्षांनी स्वतः सांगितलं लिहा म्हणून.

त्या जुन्या खेळाडूला फोन केला. तो नव्या पद्धतीने कर भरतो. बोलला अरे मग पावती कशाला मागत होतो मी, ऑफिसात सगळे मागतात म्हणून मागितली. सोमवारी चेक देतोय. बुटांसाठी लिहून देतो म्हणाला, मी बोललो तसंच लिहून दे.

फुकट खेळणाऱ्यांची यादी मी आणि महिला संघ बघणाऱ्या ताई, दोघांकडेच. १७ नाही, ११ निघाले. बाकीच्यांचे बाप नुसतेच टाकतो टाकतो करणारे.

क्यूआरचा स्टँड काल आला. काका गावाला जायच्या आधी शेवटचे मैदानावर आले होते, त्यांनीच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणला, आणि डायरी उघडून विचारतात, हे लॅमिनेशनचे ४० रुपये कशात लिहू? मी काही बोलायच्या आत त्यांनी "इत" एवढं लिहिलं होतं. मग खोडलं, आणि खाली लिहिलं, "क्यूआर लॅमिनेशन ४०, स्वतः दिले". मी गल्ल्यातले ४० काढून त्यांच्या हातात ठेवले आणि व्हाउचरवर सही घेतली.